भुऱ्याची शाळा

२०२४ च्या जुलै महिन्यात, पावसाची झड लागलेली असताना, आमची आई एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन संध्याकाळी घरी आली. दार उघडताच आतून भुऱ्या धावत आला, नेहमीसारखे पुढचे दोन्ही पाय त्याने तिच्या छातीवर टेकवले आणि आई मागच्या मागे पॅसेजमध्ये कोसळली. पडताना टेकलेला डावा हात मनगटात मोडला. भुऱ्याला वाटले आई खेळायलाच खाली बसली. तो आनंदाने तिचे तोंड चाटू लागला.

भुऱ्या म्हणजे आमचा लॅब्रॅडॉर कुत्रा. तेव्हा तो अकरा महिन्यांचा होता आणि त्याचे वजन होते २८ किलो. आईचे वय ६९ आणि वजन ४८ किलो. आई म्हणजे आमच्यापैकी एकाची आई आणि दुसरीची सासू. पण वीस वर्षे एका छताखाली काढल्यावर हा हिशेब आता घरात कुणी ठेवत नाही.

डॉक्टरांनी प्लास्टर घातले आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही असे बजावले. त्या रात्री भाईंदर पूर्वेच्या आमच्या चौथ्या मजल्यावरच्या वन रूम किचनमध्ये सभा भरली. आम्ही दोघे, थोरली मुलगी, धाकटा मुलगा, आई, शिवाय धीर द्यायला आलेले नातेवाईक आणि शेजारी. धीर कमी आणि सल्ले जास्त होते. "मोठं कुत्रं हे बंगलेवाल्यांचं काम, खोलीत कशाला?" "काठी दाखवल्याशिवाय जनावर ऐकत नसतं." एका शेजाऱ्यांनी तर सरकारने अशा कुत्र्यांवर बंदीच घातल्याचे सांगितले. आमच्या एका नातेवाइकाचा टेम्पो आहे. ते म्हणाले, "विचार कसला करता? आज रात्री घोडबंदरच्या रस्त्याला सोडून येतो. तिकडं जंगल आहे, जगेल कसाबसा."

जगेल कसला? घोडबंदर रस्त्याच्या बाजूचे जंगल म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथल्या बिबट्यांच्या पोटात कुत्री किती जातात हे या भागात राहणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. शिवाय पाळलेले जनावर उपाशीतापाशी मरायला सोडून देणे हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. हे आम्हाला नंतर समजले. त्या रात्री मात्र खरे सांगायचे तर आम्ही दोघेही गप्प होतो. टेम्पोला 'नाही' म्हणायला आमचे तोंड उघडले नव्हते. आईचा सुजलेला हात समोर दिसत होता.

थोरली रडत होती. शेवटी आईच बोलली. तिला कुत्र्यांचा लळा मुळीच नाही, हे आधी सांगितले पाहिजे. तिचे लहानपण सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. पाटलाच्या वाड्यावरून जाताना पोरांच्या अंगावर कुत्रे सोडायचे आणि वर हसायचे, हे तिने सोसले आहे. भुऱ्या घरी आला तेव्हा मुलांनी त्याचे नाव 'राजा' ठेवायचे ठरवले होते. आई म्हणाली, "ते नाव नको. पाटलाच्या कुत्र्याला सगळा गाव राजा म्हणायचा, आणि माझ्या बापाला नुसतं 'अरे'." म्हणून रंगावरून भुऱ्या. कुत्रे तळ्यावर पाणी पिऊन जाई आणि माणसाला काठावर उभे राहता येत नसे, ही गोष्ट या पानाच्या वाचकांना कुणी सांगायला नको. महाडचे १९२७ साल आपण सारे जाणतो. आईने ते पुस्तकात वाचलेले नाही, अंगावर घेतलेले आहे.

तर ती आई म्हणाली, "त्याला घरात कसं वागायचं ते शिकवलं का कुणी? दोन महिने झाले आणून. एकानं तरी शिकवलं? मग न शिकवताच नापास कसं करता?"

कुणी काही बोलले नाही. मग तिनेच मुदत घातली. "माझं प्लास्टर निघेपर्यंत शिकवा. प्लास्टर काढून मी दारातनं आत येईन तेव्हा हा खाली बसलेला पाहिजे. नाही बसला तर चांगलं घर बघून द्या. पण रस्त्यावर सोडायचं नाव काढू नका."

अशी आम्हाला सहा आठवड्यांची मुदत मिळाली.

भुऱ्या आमच्याकडे कसा आला ते सांगतो. आमच्याच सोसायटीतल्या एका कुटुंबाने मुलाच्या वाढदिवसाला हे पिल्लू विकत घेतले. तेव्हा ते ४५ दिवसांचे होते. (आठ आठवडे पुरे होण्याआधी पिल्लू विकू नये असा २०१७ चा केंद्राचा नियम आहे. तेवढे दिवस ते आईजवळ आणि भावंडांत राहिले तर चावा किती जोरात घ्यायचा, कुठे थांबायचे, हे तिथेच शिकते.) तळहाताएवढे पिल्लू सगळ्यांना गोड वाटते. सहा महिन्यांत ते टेबलाएवढे झाले. सोफा फाडला, चपला खाल्ल्या, मग त्याची रवानगी बाल्कनीत झाली आणि साखळी लागली. पुढे त्या कुटुंबाची बंगळूरला बदली झाली. मे महिन्यात आमच्या थोरलीने हट्ट धरून त्याला घरी आणले. त्याचे पहिले नाव इंग्रजी होते आणि ते घेतले की तो कान पाडून दूर जायचा, कारण ते नाव त्याने फक्त ओरडताना ऐकले होते.

आम्हाला वाटले, प्रेमाने ठेवले की झाले. पण दोघेही नोकरीवाले. एकाची सकाळची ७ ची चर्चगेट लोकल, दुसरीची दुपारची शाळा. भुऱ्याला सकाळी दहा मिनिटे खाली न्यायचे, रात्री दहा मिनिटे. मधले सगळे तास तो भिंती बघत बसायचा. आणि दार वाजले की त्या साऱ्या दिवसाची साठलेली ताकद आल्यागेल्याच्या छातीवर आदळायची.

आईच्या पडण्यानंतर चार दिवसांनी आम्ही काशीगावच्या एका गृहस्थांना घरी बोलावले. पोलिसांच्या श्वान पथकातून निवृत्त झालेले हवालदार, आमच्या एका ओळखीच्या माणसाचे मामा. त्यांना सगळे मामाच म्हणतात. मामा आले, भुऱ्याने झेप घेतली. मामांनी हाताची घडी घातली, पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून खांबासारखे उभे राहिले. भुऱ्या त्यांच्या पाठीवर उड्या मारत राहिला. आम्ही ओरडू लागलो, "भुऱ्या, नाही! भुऱ्या, खाली!" धाकट्याने त्याचा गळपट्टा धरून ओढले. मामा भिंतीशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तुम्ही सगळे जरा गप्प बसा. त्याच्यापेक्षा तुमचाच दंगा जास्त आहे."

दोनेक मिनिटांनी भुऱ्या दमला आणि चारही पाय जमिनीवर ठेवून बघत राहिला, हा माणूस आहे तरी कसा. त्याच क्षणी मामा वळले, "शाब्बास" म्हणाले आणि खिशातून उकडलेल्या कोंबडीचा कण काढून त्याच्या तोंडात घातला. परत उडी, परत पाठ. परत चार पाय जमिनीवर, परत शाब्बास. पंधरा मिनिटांत भुऱ्या त्यांच्यासमोर उभा राहून नुसती शेपटी हलवत होता.

मग मामांनी चहा घेता घेता आमचीच परीक्षा घेतली. "हा उडी मारतो तेव्हा तुम्ही काय करता?" ओरडतो. "म्हणजे त्याच्याशी बोलता. आणखी?" हाताने ढकलतो. "म्हणजे त्याच्याशी खेळता. आणि शांत पडलेला असतो तेव्हा?" तेव्हा काही करत नाही, बरे वाटते, आपापली कामे करतो. मामा हसले. "दिवसभर एकटा असलेल्या जनावराला माणूस पाहिजे असतो. उडी मारली की माणूस मिळतो, शांत पडलं की मिळत नाही. मग उडी मारायला शिकवलं कुणी?"

त्यात आणखी एक गोम होती. धाकट्याला भुऱ्याने खांद्यावर पाय टेकवलेले आवडायचे, तो त्याला मिठी मारायचा. म्हणजे चार जण रागावणार आणि एक लाड करणार. मामा म्हणाले, "हा मटका आहे. कधी लागतो, कधी लागत नाही, म्हणून तर माणूस मटका सोडत नाही. रोज लागला असता तर कंटाळला असता, कधीच लागला नसता तर सुटला असता." आमच्या जुन्या चाळीत मटक्याने बुडालेली घरे आम्ही पाहिली आहेत. हा दाखला घरात सगळ्यांना एका क्षणात पटला.

काठीचा विषय आमच्यापैकी एकानेच काढला होता. मामा म्हणाले, "मारलेलं कुत्रं मारणाऱ्यासमोर बसतं. बाकीच्यांसमोर काय करील त्याचा भरवसा नाही. आणि भ्यालेलं कुत्रं चावतं." आई आत बसून ऐकत होती. आतूनच म्हणाली, "रोज सकाळी पंचशील म्हणता ना? मग पहिलं शील काय नुसतं म्हणायलाच आहे?" काठी तिथेच संपली.

लॅब्रॅडॉर हा कुत्रा नेमका कोण, हेही त्या दिवशी कळले. त्याचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर काम करायचे. बर्फासारख्या पाण्यात उडी घ्यायची, जाळ्याचे दोर तोंडात धरून काठावर आणायचे, निसटलेला मासा उचलून आणायचा. दिवसभर मेहनत, आणि तोंड हेच त्याचे हात. भुऱ्या चपला का पळवतो, पाहुण्याचे मनगट हलकेच तोंडात का धरतो, डबके दिसले की त्यात का लोळतो, या सगळ्याचे उत्तर त्यात होते. इथून काही मैलांवर उत्तनला आपले कोळी बांधव जाळी ओढतात. तशाच कष्टकरी जातकुळीचे हे जनावर आम्ही चौथ्या मजल्यावर कोंडून ठेवले होते आणि वर त्यालाच उनाड म्हणत होतो.

मामांनी 'झंजीर'ची गोष्ट सांगितली. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला हा सोनेरी लॅब्रॅडॉर. १२ मार्च १९९३ च्या साखळी स्फोटांनंतर त्याने नाकाच्या जोरावर ३,००० किलोहून जास्त आरडीएक्स शोधून दिले. शिवाय शेकडो डिटोनेटर आणि हातबॉम्ब. त्यात किती माणसे वाचली याची मोजदाद कोण करणार? नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या वेळी काम केलेले मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर हे चौघेही लॅब्रॅडॉरच होते. निवृत्तीनंतर ते आमच्याच लाइनीवर, विरारला एका फार्मवर राहिले आणि २०१६ या एकाच वर्षात एकामागून एक चौघेही गेले. शेवटी ऑक्टोबरमध्ये सीझर.

धाकट्याने विचारले, "बॉम्ब सापडला की ते भुंकायचे का?" मामा म्हणाले, "भुंकायचं नाही, उकरायचं नाही. धक्का लागला तर सगळेच जातील. वास लागला की तिथं गुपचूप बसायचं. बसणं हीच त्याची खूण." मग भुऱ्याकडे बघून म्हणाले, "ह्याला पण तेवढंच शिकवायचं आहे. दार वाजलं की बसायचं."

तेवढेच म्हणजे किती, ते पुढच्या सहा आठवड्यांत समजले.

पहिली अडचण शब्दांची. आम्ही दोघे 'बस' म्हणायचो, थोरली 'सिट', धाकटा 'सिट डाऊन', आणि आई 'गप पड'. एका कामाला चार हुकूम. कचेरीत चार साहेब असले की शिपाई कुणाचेच ऐकत नाही, तशी गत. ठरले की सगळ्यांनी फक्त 'बस' म्हणायचे, तेही एकदाच. खाऊचा कण त्याच्या नाकासमोरून हळूहळू डोक्याच्या मागे नेला की मान वर जाते आणि बूड आपोआप खाली टेकते. टेकले रे टेकले की त्याच सेकंदाला शाब्बास आणि खाऊ. उशीर केला तर त्याला कशाबद्दल मिळाले तेच कळत नाही. तो उठून उभा राहिल्यावर खाऊ दिला तर आपण उठायला शिकवले असे होते. आमच्याकडून हे दहादा झाले.

खाऊ वेगळा द्यायचा नाही, त्याच्या रोजच्या जेवणातूनच काढायचा, नाहीतर लॅब्रॅडॉर फुगतो. मीठ, कांदा, लसूण न घातलेली उकडलेली कोंबडी, भाकरीचा तुकडा, गाजर. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, द्राक्षे-मनुके आणि चॉकलेट तर विषच. आमच्याकडे आधी रश्श्यात बुडवलेली चपाती सर्रास दिली जायची.

दारावर मात्र एकदम जायचे नाही. आधी स्वयंपाकघरात बस, मग पॅसेजमध्ये बस, मग दार उघडे ठेवून बस, मग थोरली बाहेर जाऊन बेल वाजवणार तेव्हा बस. आईने तिची एक जुनी वाकळ दिली. ती दाराच्या आत कोपऱ्यात अंथरली आणि 'जागा' म्हटले की भुऱ्याने तिच्यावर जाऊन बसायचे. थोरलीने वहीत रकाने आखले. पहिल्या दिवशी एकतीस उड्या लिहिल्या आहेत. दहाव्या दिवशी एकोणीस. चौदाव्या दिवशी पुन्हा सव्वीस, आणि समोर तिच्या अक्षरात 'का???' असे.

त्या 'का'चे उत्तर पावसात होते. तीन दिवस एवढा पाऊस की भुऱ्याला धड खाली नेले नव्हते. मामांना फोन केला तर म्हणाले, "पाय दमवता येत नसतील तर नाक दमवा." तेव्हापासून त्याची वाटी बंद झाली. अर्धे जेवण घरभर लपवायचे. कपाटाखाली, दाराआड, जुन्या खोक्यात रद्दी कोंबून तिच्यात. मग 'शोध' म्हणायचे. वीस मिनिटे हुंगत फिरला की हा अठ्ठावीस किलोचा पैलवान पंख्याखाली पाय पसरून झोपतो. आम्ही इतके दिवस समजत होतो की त्याला पळवायला मैदान पाहिजे. भाईंदरमध्ये मैदान आणायचे कुठून?

फिरणे मात्र वाढवलेच. पहाटे साडेपाचला जेसल पार्कच्या खाडीकाठी जाऊ लागलो. आम्ही इथे राहायला आलो त्याला अठरा वर्षे झाली. खाडीवर उजाडताना तिवरांतून बगळे उठतात ते आम्ही भुऱ्यामुळे पहिल्यांदा पाहिले. पट्टा ताणला की जागेवर थांबायचे, सैल पडला की चालायचे, एवढाच नियम. पहिल्या आठवड्यात घरापासून कोपऱ्यापर्यंत जायला पंचवीस मिनिटे लागली. रिक्षावाले आम्हाला पुतळे समजत असतील. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा घेतला, त्याची कडी पुढच्या बाजूला. ओढले की कुत्रे पुढे जात नाही, आपल्याकडेच वळते. साचलेल्या पाण्यात मात्र त्याला जाऊ देत नाही. उंदराच्या मुतातून पसरणारा लेप्टो कुत्र्यालाही होतो, माणसालाही. त्याची लस त्याच महिन्यात दिली. रेबीजची लस झाल्याचा कागद आधीच्या घरातून आलाच नव्हता, म्हणून तीही.

पाचव्या आठवड्यात आम्ही हुरळून गेलो आणि तिथेच घसरलो. आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू झाला होता. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते. हात गळ्यात बांधलेला असल्याने आईला पावसात जाता येत नव्हते, म्हणून एका रविवारी विहारातल्या महिलांनीच वाचन आमच्या घरी ठेवले. चौदाजणी, सगळ्यांच्या अंगावर पांढरी शुभ्र पातळे. आम्ही ऐटीत भुऱ्याला 'जागा' म्हटले. तो वाकळेवर बसला. पहिल्या तिघीजणी आल्या, बसून राहिला. चौथ्या आल्या, थरथरत का होईना, बसून राहिला. मग एकदम सहाजणी दारात आल्या आणि त्याचा बांध फुटला. नुकताच बाहेरून आलेला, पंजे पुरते पुसलेले नव्हते. दोन पातळांवर चिखलाचे पंजे उमटले, अगदी शिक्क्यासारखे.

आम्हाला जमीन दुभंगावी असे झाले. एक ताई चिडल्या, आणि त्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. पांढरे पातळ धुऊन निघते का, ते ज्याचे त्याला माहीत. दुसऱ्या आजी मात्र पदर झटकत म्हणाल्या, "बाबासाहेबांना कुत्र्यांची लई माया होती म्हणतात." ते खरेच आहे, त्यांच्या सहवासात राहिलेल्यांनी तसे लिहून ठेवले आहे. पण आईने तेवढ्यावर भागवू दिले नाही. "बाबासाहेबांचं नाव घेऊन आपली चूक झाकायची नाही," ती आम्हाला म्हणाली. "दहा माणसांचा धडा त्याला दिला नाही आणि परीक्षा चौदा माणसांची घेतली." त्या संध्याकाळी भुऱ्या आतल्या खोलीत बंद राहिला, आणि आम्ही दोन्ही पातळे लॉन्ड्रीत नेऊन दिली.

शेवटचे दहा दिवस मग फक्त माणसे जमवण्यात गेले. शेजारच्या मुलांना दोघादोघांनी, मग चौघाचौघांनी बेल वाजवून आत यायला लावायचे. प्रत्येकाच्या हातात खाऊचा कण, प्रत्येकाला सूचना एकच: उडी मारली तर पाठ, बसला तर खाऊ. खालच्या वॉचमनदादांनाही सामील केले. त्यांचा सुरुवातीला विरोध होता, पण तिसऱ्या दिवशी तेच मुलांना शिकवू लागले, "हात वर नको, घडी घाल, घडी."

सोसायटीचेही मिटले. मार्च २०२४ मधले केंद्राचे पत्रक पिटबुल, रॉटवायलर अशा २३ जातींबद्दल होते, लॅब्रॅडॉर त्या यादीत नव्हता, आणि ते पत्रकही कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये रद्द केले होते. सोसायटीला ठराव करून पाळीव कुत्रे ठेवायला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचे फेब्रुवारी २०१५ चे परिपत्रक आहे. थोरलीने त्यात संविधानाचे ५१-क कलम जोडले. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ मध्ये त्यात आले. कागद दाखवून तोंड बंद करता येते, पण लिफ्टमध्ये घाबरणाऱ्या वहिनींची भीती कागदाने जात नाही. म्हणून आम्हीच ठरवले की लिफ्टमध्ये कुणी असेल तर आपण थांबायचे, पुढच्या फेरीला जायचे. आणि खाली केलेली घाण प्लास्टिकच्या पिशवीत उचलायची. पहिल्या दिवशी ते करताना लाज वाटली होती. दुसऱ्यांची घाण पिढ्यान् पिढ्या कुणी उचलली ते आमच्या डोक्यातून जाईना. पण आपल्या कुत्र्याची घाण सफाई कामगाराने का उचलावी, हा प्रश्न त्याहून सरळ होता.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात प्लास्टर निघाले. आईला दवाखान्यातून आणले. ती लिफ्टमधून उतरली, छत्री डाव्याच हातात, मुद्दाम. आम्ही मागे. आत धाकट्याने 'जागा' म्हटलेले ऐकू आले. बेल वाजवली, दार उघडले. भुऱ्या वाकळेवर बसला होता. सगळे अंग थरथरत होते, घशातून बारीक सूर येत होता, पण बूड टेकलेले. आई एक पाऊल आत आली. तो अर्धवट उठला. आमचा श्वास अडकला. हुकूम द्यायचा कुणी हे ठरलेच नव्हते.

आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "बसा."

विहारात लहानथोर सगळ्यांशी अहो-जाहो करायची तिची सवय. एकच शब्द वापरायचा हा नियम तिनेच मोडला. पण भुऱ्या बसला. आईने पिशवीतून भाकरीचा तुकडा काढला आणि नुकत्याच मोकळ्या झालेल्या, बारीक पडलेल्या हाताने त्याच्यापुढे धरला. त्याने तो इतक्या हळू घेतला की बोटाला ओल लागली नाही, असे ती अजून सांगते. शेपटीने मात्र कोपऱ्यातली चपलांची मांडणी पाडली.

अजूनही तो पुरता शहाणा झालेला नाही. डबके सोडवत नाही, पाहुण्याची एक तरी चप्पल वाकळेखाली नेऊन ठेवतो, आणि आम्हा दोघांचे कधी वाजले आणि कुणी "बस झालं आता!" म्हणाले की येऊन मध्येच बसतो आणि खाऊची वाट बघतो. भांडण तिथेच संपते. घरात कुणी आले की आपण रीतीप्रमाणे "या, बसा, बसा" म्हणतो ना? आमच्याकडे पाहुणा खुर्ची शोधत असतो, तोवर भुऱ्या आधीच बसलेला असतो.